इथून पुढचा रस्ता

कॉम्प्युटर आणि आयटीच्या प्रत्येकाने एक नाव जर्नलमध्ये किमान एकदा तरी लिहिलेलं असतं. बेलमन-फोर्ड! इलेक्ट्रिकलवाल्यांना यातला बेलमन कंट्रोल सिस्टिम्समध्ये भेटतो, मेकॅनिकलवाल्यांना ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, आणि मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घेतलेल्यांना तर पहिल्याच महिन्यात 'बेलमन इक्वेशन' गाठतं. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, अल्गोरिदम सांगा. आपण सांगतो. पण हा बेलमन कोण होता, असं कुणी विचारत नाही, आणि त्याला मार्क नसल्यामुळे आपणही शोधत नाही.

मी शोधलं, आणि तेही एका अगदी छोट्या प्रश्नामुळे. आमच्या नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग असतो : समोरच्या राउटरवर रिप प्रोटोकॉलचं कुठलं व्हर्जन चालू आहे ते ओळखा. एक की दोन, एवढंच उत्तर. त्या एका आकड्याच्या मागे जाता जाता मी एका माणसाच्या आयुष्यापर्यंत पोचले. ते आयुष्य मला हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा मराठीत मधूनमधून इंग्रजी शब्द डोकावतीलच. तसेही आपण सगळे बोलतो असंच!

आधी तो आकडा. रिप म्हणजे रूटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल. यात प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजारच्या राउटरला आपला तक्ता ऐकवतो : अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या हॉप्सवर, तमुक तितक्यावर. शेजारी ते ऐकतो, त्यात एक मिळवतो, आणि आपल्याकडच्यापेक्षा चांगला रस्ता निघाला तर तो लिहून घेतो. संपलं. व्हर्जन एक आणि व्हर्जन दोन, दोघांचं काम हेच. दोघंही यूडीपीचा ५२० हाच पोर्ट वापरतात, त्यामुळे पोर्टवरून काही कळत नाही.

मग ओळखायचं कसं? सिस्कोच्या राउटरवर सगळ्यात सोपी कमांड 'शो आयपी प्रोटोकॉल्स'. त्यात एक ओळ येते, हा राउटर कुठलं व्हर्जन पाठवतो आणि कुठलं घेतो ते सांगणारी. गंमत अशी की पाठवणं आणि घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्फिगरेशनमध्ये 'राउटर रिप'च्या खाली 'व्हर्जन २' अशी ओळ असेल, तर राउटर दोनच पाठवतो आणि दोनच घेतो. ती ओळ नसेल तर तो पाठवतो एक, पण घेतो दोन्ही. आणखी खात्री करायची तर 'डीबग आयपी रिप' लावून बघत बसायचं. अपडेट २५५.२५५.२५५.२५५ या ब्रॉडकास्ट पत्त्यावर जात असेल तर व्हर्जन एक, २२४.०.०.९ या मल्टिकास्ट पत्त्यावर जात असेल तर व्हर्जन दोन. आणि पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये उघडलं तर वादच मिटला, कारण पॅकेटचा पहिला बाइट म्हणजे कमांड आणि दुसरा बाइट म्हणजे व्हर्जन.

आमच्या लॅबमध्ये एका टेबलावरच्या राउटरला व्हर्जनची ओळ होती आणि पलीकडच्या टेबलावरच्याला नव्हती. झालं काय, की बिनओळीच्या राउटरला पलीकडचे सगळे रस्ते कळले, पण दोनवाल्याने याचे अपडेट कानाआड केले. पीसीवरून पिंग जायचं, उत्तर मात्र परत यायचं नाही. एकजण बोलतोय, दुसऱ्याला ते ऐकायचंच नाही, असा सगळा प्रकार! रूममेट्सच्या भांडणात होतं तसं.

दोन्ही व्हर्जनची पॅकेट्स शेजारी शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. दोघांचा साचा एकच आहे. प्रत्येक रस्त्याला २० बाइट, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त २५ रस्ते. व्हर्जन एकमध्ये ज्या जागा सक्तीने शून्य ठेवलेल्या होत्या, त्यातच व्हर्जन दोनने सबनेट मास्क आणि नेक्स्ट हॉप बसवले. म्हणजे घर तेच, फक्त रिकाम्या खोल्या वापरात आल्या. आणि दोन्ही घरांचा पाया एकाच माणसाच्या विचारावर उभा आहे. चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये रिपचं जे पहिलं अधिकृत वर्णन लिहिलं, त्यात या पद्धतीचं मूळ सांगताना रिचर्ड बेलमन हे नाव येतं. तोपर्यंत बेलमन जाऊन चार वर्षं झाली होती.

रिचर्ड अर्नेस्ट बेलमन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडिलांचं छोटंसं किराणा दुकान. मुलगा अब्राहम लिंकन हायस्कूलमध्ये शिकला, १९४१ मध्ये ब्रुकलिन कॉलेजमधून गणित घेऊन बी. ए. झाला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातून एम. ए. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. त्या काळात लॉस अलामॉसला, म्हणजे जिथे अणुबॉम्ब तयार होत होता तिथे, सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या विभागात त्यांनी काम केलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये प्रिन्स्टनमधून डिफरेन्शिअल इक्वेशन्सच्या स्टॅबिलिटीवर पीएच. डी.

इथे त्यांच्या गाइडबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. सॉलोमन लेफशेट्झ हे मूळचे इंजिनिअर, आपल्यातलेच! पिट्सबर्गला नोकरी करत असताना १९०७ मध्ये एका अपघातात त्यांचे दोन्ही हात गेले. इंजिनिअर म्हणून करिअर तिथेच संपलं. ते गणिताकडे वळले आणि पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत त्यांची गणना झाली. अशा माणसाच्या हाताखाली बेलमन तयार झाले. पुढे स्वतःवर तशीच वेळ येणार आहे, हे तेव्हा त्यांना कुठून माहीत असणार?

१९४८ मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. वय २८, चांगलं विद्यापीठ, पक्की नोकरी, नंबर थिअरीसारखा शुद्ध गणिताचा आवडता विषय. आपल्याकडे अशा मुलाला घरचे सांगतील, बाबा रे, आता हलू नकोस. पण १९४९ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियातच सँटा मोनिकाला रँड कॉर्पोरेशनमध्ये कामाला गेले. रँड ही अमेरिकन हवाई दलासाठी संशोधन करणारी संस्था. तिथले प्रश्न पुस्तकी नव्हते. मर्यादित साधनं आहेत, निर्णय एकदाच घ्यायचा नाही तर टप्प्याटप्प्याने घ्यायचाय, आणि प्रत्येक टप्प्यावर परिस्थिती बदललेली असणार. मग करायचं काय? बेलमनना या प्रश्नांनी धरून ठेवलं. १९५२ मध्ये स्टॅनफर्ड सोडून ते रँडमध्ये कायमचे दाखल झाले. गणित फक्त गणितासाठी करायचं की आजूबाजूच्या जगाच्या प्रश्नांसाठी, या दुभाजकावर त्यांनी दुसरी बाजू निवडली.

त्यांनी जी पद्धत शोधली ती म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. डीएए पेपरमध्ये आपल्याला घाम फोडणारी तीच! तिचा गाभा मात्र घाम फोडणारा नाही. समजा एखादा लांबचा प्रवास आहे आणि प्रत्येक नाक्यावर वळण निवडायचंय. सगळे रस्ते एकदम मांडून बघायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही. बेलमन सांगतात ते असं, की तुम्ही आत्ता ज्या नाक्यावर उभे आहात तिथवर कसे आलात हे बाजूला ठेवा. चांगल्या रस्त्याने आलात की वाईट, स्वतःच्या निवडीने की चुकून, काही फरक पडत नाही. इथून पुढचा जो रस्ता असेल, तो इथून पुढच्यासाठी सर्वात चांगला असला पाहिजे. एवढी एक अट प्रत्येक नाक्यावर पाळली, की अख्खा प्रश्न छोट्या छोट्या तुकड्यांत सुटत जातो. याला त्यांनी नाव दिलं प्रिन्सिपल ऑफ ऑप्टिमॅलिटी.

'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' या नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. तेव्हाच्या संरक्षण मंत्र्यांना, चार्ल्स विल्सन यांना, संशोधन या शब्दाचीच चीड होती म्हणे, आणि गणित म्हटलं की तर बघायलाच नको. पैसा तर सरकारी. मग आपण गणित करतोय हे लपवायचं कसं? बेलमननी असं नाव शोधलं की ज्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही. डायनॅमिक हा शब्द वाईट अर्थाने वापरताच येत नाही, आणि प्रोग्रॅमिंगचा अर्थ तेव्हा कोडिंग नसून नियोजन असा होता. म्हणजे हे नाव आतल्या वस्तूचं वर्णन नसून तिच्यावर घातलेलं पांघरूण आहे!

गोष्ट मस्त आहे, पण आपण इंजिनिअर, तारखा तपासणार. विल्सन संरक्षण मंत्री झाले जानेवारी १९५३ मध्ये, आणि बेलमन यांचा या नावाचा पेपर छापून आला १९५२ मध्ये. म्हणजे गोष्ट जशी सांगितली जाते तशी जुळत नाही. आठवणीत माणसं आणि वर्षं सरकली असतील. पण सरकारी पैशावर गणित करणाऱ्याला नावाची काळजी घ्यावी लागत होती, एवढं त्यातून कळतंच. आणि हेही कळतं, की नावावरून आत काय आहे ते ओळखायला जाऊ नये. राउटरचंही तेच. बाहेरून रिप म्हणजे रिप, व्हर्जन बघायचं तर पॅकेट उघडावं लागतं.

१९५७ मध्ये 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' हे त्यांचं पुस्तक प्रिन्स्टनने काढलं. मला त्यातली सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे आपल्या पद्धतीचं कमजोर अंग त्यांनी स्वतःच दाखवून दिलं, आणि त्याला नावही दिलं : कर्स ऑफ डायमेन्शनॅलिटी, मितींचा शाप. एका व्हेरिएबलला १०० किमती असतील तर दोन व्हेरिएबल्सला १०,००० अवस्था तपासाव्या लागतात, आणि सहा व्हेरिएबल्सला एक लाख कोटी. तेव्हाच्या कॉम्प्युटर्सच्या मेमरीचा विचार करा! आपल्या प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये 'लिमिटेशन्स' हे प्रकरण आपण शेवटच्या रात्री दोन ओळींत उरकतो. या माणसाने आपल्या लिमिटेशनला इतकं चांगलं नाव दिलं की आज डेटा सायन्सवाले रोज ते वापरतात.

आता आपल्या राउटरकडे नेणारं वर्ष, १९५८. 'क्वार्टर्ली ऑफ अप्लाइड मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात बेलमन यांचा एक पेपर आला. पानं फक्त चार! विषय, एका शहरातून दुसऱ्या शहरात कमीत कमी वेळात पोचण्याचा रस्ता. वेळ थेट अंतराच्या प्रमाणात नसतो, कारण कुठे रस्ता खराब असतो, कुठे गर्दी असते, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय. मग आपला तोच विचार लावला. इथून मुक्कामापर्यंतचा सर्वात कमी वेळ म्हणजे काय? प्रत्येक शेजारच्या शहरासाठी एक बेरीज करा : तिथपर्यंत जायचा वेळ, अधिक तिथून पुढचा सर्वात कमी वेळ. या बेरजांपैकी सर्वात लहान ती तुमचं उत्तर. शेजाऱ्याचा आकडा अजून पक्का नसेल तर अंदाजाने सुरुवात करा आणि फेऱ्या मारत दुरुस्त करत जा. शहरांची संख्या जितकी, त्यापेक्षा एक कमी फेरीत सगळे आकडे पक्के होतात.

न्यायाने सांगायचं तर हा विचार एकट्या बेलमनना सुचला नव्हता. अल्फोन्सो शिम्बेल यांनी १९५५ मध्ये, रँडमधल्याच लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये आणि एडवर्ड मूर यांनीही त्याच सुमारास अशीच वाट काढली होती. पुस्तकांत मात्र बेलमन-फोर्ड हेच नाव टिकलं. पेपर लिहिताना बेलमन यांच्या डोळ्यांसमोर रस्ते आणि गाड्या होत्या, कॉम्प्युटर नेटवर्क नव्हतं. कारण ते अजून जन्मालाच आलं नव्हतं!

ते जन्मलं १९६९ मध्ये, अर्पानेट या नावाने. ते बांधणारे लोक वेगळे. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की अख्ख्या नेटवर्कचा नकाशा कुणा एकाकडे ठेवायचा नाही, कारण तो एक बंद पडला तर सगळंच बंद. मग प्रत्येक नोडने फक्त शेजाऱ्याला विचारायचं, त्याच्या आकड्यात आपलं अंतर मिळवायचं आणि लहानातलं लहान ठेवायचं. चार पानांतला तोच विचार, आता सेकंदाच्या साधारण दोन तृतीयांश इतक्या अंतराने मशिन्स एकमेकांत करत होती. शहरांच्या जागी नोड्स आले, एवढंच.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती समजायला आपलं हॉस्टेल बरं पडतं. समजा कॉरिडॉरच्या टोकाला जिना आहे. त्याच्या शेजारची खोली एक म्हणते, जिना माझ्यापासून एक पावलावर. खोली दोन ते ऐकून म्हणते, माझ्यापासून दोन. आता वॉर्डनने जिन्याला कुलूप लावलं. खोली एकला रस्ता बंद झाल्याचं कळलं, पण तेवढ्यात खोली दोनकडून ऐकू आलं की जिना दोन पावलांवर आहे. अरे वा, म्हणजे दुसरा रस्ता असणार! मग खोली एक म्हणते तीन. ते ऐकून दोन म्हणते चार. मग पाच, सहा, सात... दोघीही एकमेकींचीच अफवा एकमेकींना परत सांगताहेत आणि जिन्याला कुलूप आहे ते आहेच. याला म्हणतात काउंट टू इन्फिनिटी. अर्पानेटने १९७९ मध्ये ही पद्धत सोडून सगळ्यांनाच पूर्ण नकाशा देणारी पद्धत घेतली. रिपने मात्र जुनीच ठेवली, आणि एक व्यवहारी तोडगा काढला : सोळा म्हणजे अनंत! आकडा १६ वर गेला की समजायचं, रस्ता नाही. म्हणून रिपमध्ये १५ पेक्षा जास्त हॉप्स चालत नाहीत. शिवाय, ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच ते परत सांगायचं नाही, असाही नियम घातला, तो स्प्लिट होरायझन. दोन्ही व्हर्जन्समध्ये हा सोळाचा आकडा तसाच आहे.

बेलमन यांच्याकडे परत येऊ. १९६५ मध्ये त्यांनी रँड सोडलं आणि लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले. कशाचे? गणिताचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे आणि मेडिसिनचेही! आपल्याकडे ब्रँच बदलायची म्हटलं तरी अर्ज हातात घेऊन किती टेबलं फिरावी लागतात. त्यांना वैद्यकशास्त्रातले प्रश्नही टप्प्याटप्प्याच्या निर्णयांचेच वाटत होते. गणित आणि जीवशास्त्र यांची सांगड घालणारं 'मॅथेमॅटिकल बायोसायन्सेस' हे नियतकालिक त्यांनी सुरू केलं. १९७० मध्ये अप्लाइड मॅथेमॅटिक्ससाठीचं नॉर्बर्ट वीनर पारितोषिक सुरू झालं, त्याचे पहिले मानकरी तेच. वय ५०. लिहिण्याचा वेग असा की सहकाऱ्यांनी वाचून होईपर्यंत पुढचं तयार.

आणि १९७३ मध्ये मेंदूत ट्यूमर निघाला.

ऑपरेशन झालं, ट्यूमर काढला. पण नंतर जी गुंतागुंत झाली, तिने शरीर कायमचं अपंग करून टाकलं. ज्याची सगळी कमाई मेंदूत, त्याच्या मेंदूवरच सुरी चालली होती. एखाद्याने इथे थांबायचं ठरवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. नाव झालं होतं, पुस्तकं झाली होती, पारितोषिकंही आली होती.

ते थांबले नाहीत. त्या शेवटच्या ११ वर्षांत त्यांनी शंभरच्या वर पेपर्स प्रसिद्ध केले. हा आकडा मी दोनदा वाचला. वर्षाला साधारण नऊ, तेही त्या अवस्थेत. १९७६ मध्ये जॉन फॉन न्यूमन थिअरी प्राइझ आणि १९७९ मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर मिळालं, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात आयईईईचा सर्वोच्च सन्मान. आत्मचरित्र १९८४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी १९ मार्चला ते गेले. वय ६३. एकूण हिशेब ६१९ पेपर्स आणि ३९ पुस्तकं.

मला इथे एक गोष्ट सांगायचीय. आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला सेकंड इयरला वायडी लागला. सगळी बॅच पुढे गेली, ती मागे राहिली. कित्येक महिने ती रात्री एकच गणित मांडायची : त्या पेपरला अजून चार मार्क असते तर... एम-थ्रीचा क्लास लावला असता तर... डिप्लोमालाच गेले असते तर... तिला मी बेलमनबद्दल सांगितलं, तेव्हा तिने फट्‌कन विचारलं, म्हणजे झालं गेलं विसरायचं का? असे सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज असायचे!

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी परत जाऊन नीट वाचलं. बेलमन विसरा म्हणत नाहीत. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर एक 'स्टेट' असते, म्हणजे आत्ताची पूर्ण अवस्था. मागे जे जे घडलं आणि ज्याचा पुढे परिणाम होणार आहे, ते सगळं त्या स्टेटमध्ये आधीच धरलेलं असतं. गेलेलं वर्ष त्यात आहे, एज्युकेशन लोनचा हप्ता त्यात आहे, घरच्यांचा फोन घ्यायची भीतीसुद्धा आहे. काहीही पुसलेलं नाही. पण एकदा ते सगळं आजच्या खात्यावर मांडलं की भूतकाळाला पुढच्या निर्णयात आणखी वेगळं मत देता येत नाही. त्याचं मत एकदाच मोजायचं. आपण काय करतो, की तेच मत रोज रात्री नव्याने मोजतो. खोली एक आणि खोली दोनसारखं, आपलीच अफवा आपल्यालाच परत ऐकवत आकडा वाढवत बसतो. सोळाला थांबायचा नियमही आपण स्वतःला घालून दिलेला नसतो.

यावर मैत्रीण काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने माझी स्टॅबिलोची पेन्सिल घेतली आणि उरलेल्या विषयांचं वेळापत्रक कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं. या लेखापुरतं एवढंच पुरे. तिची पुढची गोष्ट तिची आहे.

बेलमन यांच्या बाबतीत मला हेच जाणवत राहिलं. १९७३ नंतरच्या वर्षांत ते नेमका काय विचार करत होते, हे मी कशाला सांगू? पण त्यांनी काय केलं ते सगळ्यांसमोर आहे. मिळालेल्या अवस्थेतून पुढचं पाऊल, मग त्याच्या पुढचं. त्यांचे गुरू लेफशेट्झ यांनी हात गेल्यावर केलं तेच. प्रमेय लिहिणं वेगळं आणि आपल्याच अंगावर ते लावून बघण्याची वेळ येणं वेगळं.

त्यांच्यानंतरची हकिकत थोडक्यात. जून १९८८ मध्ये रिपचं व्हर्जन एक कागदावर आलं. त्यात सबनेट मास्क पाठवायची सोय नव्हती, म्हणून १९९३ मध्ये व्हर्जन दोन आलं आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ते आजच्या स्वरूपात पक्कं झालं. आयपी व्हर्जन सहासाठी १९९७ मध्ये रिपएनजी आलं, त्याचा पोर्ट ५२१. मोठ्या नेटवर्क्सनी केव्हाच ओएसपीएफ वगैरे स्वीकारलंय, रिप आता मुख्यतः छोट्या नेटवर्क्समध्ये आणि आपल्या सिलॅबसमध्ये जिवंत आहे. विचार मात्र दुसरीकडे पोचलाय. रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये मशीन स्वतः चुका करत शिकतं, त्याच्या मुळाशी बेलमन इक्वेशन आहे. त्याच विषयातल्या कामासाठी अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. रस्त्यांवरच्या गाड्या, मग पॅकेट्स, मग शिकणारी मशिन्स. व्हर्जन बदलत गेलं, वाक्य तेच राहिलं.

आमच्या बॅचमध्ये रिप या नावावरून नेहमीचा जोक असतो, थडग्यावर कोरतात ती तीन अक्षरं म्हणून. बेलमन यांच्या बाबतीत मला तो फारसा लागू वाटत नाही. कुठल्यातरी लॅबमध्ये आत्ताही दोन राउटर चालू असतील आणि दर तीस सेकंदांनी एक दुसऱ्याला सांगत असेल : माझ्यापासून इतकं. दुसरा त्यात एक मिळवेल आणि इथून पुढचा रस्ता ठरवेल. त्या वेळी स्क्रीनवर व्हर्जन एक दिसलं काय किंवा दोन, आता नाव आपल्याला माहीत आहे.